तीन आठवडे आणि तीस वर्षे

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. कुणालाही काही दुखणे नव्हते. दोघे नियमित व्यायाम करणारे होते, तिघे बेताचीच हालचाल करणारे. उठून चालण्याची सर्वांना सक्त मनाई होती. बेंग्ट साल्टिन, जेरे मिचेल आणि त्यांचे सहकारी यांना पाहायचे होते, की संपूर्ण विश्रांती दिली तर धडधाकट हृदयाचे काय होते.

हा प्रश्न त्या काळात निकडीचा होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला तेव्हा कित्येक आठवडे पलंगावरून हलू देत नसत. दुखावलेल्या हृदयावर ताण नको, हा त्यामागचा सरळ विचार होता. बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी १९५२ मध्येच अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवावे असे मांडले होते, पण विश्रांतीवरची श्रद्धा सहज ढळत नव्हती. आपल्या घरांतही ती अजून शिल्लक आहे. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, की ‘बाबा, आता तुम्ही फक्त बसून राहायचं’ असे मुले मोठ्या मायेने सांगतात.

डॅलसच्या तरुणांवर तीन आठवड्यांत झालेला परिणाम डॉक्टरांच्याही अपेक्षेपलीकडचा होता. त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मिनिटाला सरासरी ३.३ लिटर होती, ती २.४ लिटरवर आली. एकवीस दिवसांत चौथ्या हिश्शाहून अधिक ताकद गेली. त्यानंतर सुमारे आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला, तेव्हा हाच आकडा ३.९ लिटरवर चढला.

तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, हीच पाच माणसे पुन्हा तपासणीला आली. आता ती पन्नाशीत होती. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते आणि शरीरातल्या चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही त्यांची क्षमता २.९ लिटर भरली. पाचांपैकी प्रत्येकाची स्थिती विशीतल्या त्या तीन आठवड्यांनंतर होती त्यापेक्षा पन्नाशीत बरी होती. तीस वर्षांच्या वयाने जेवढे नेले नव्हते, तेवढे तीन आठवड्यांच्या पलंगाने नेले होते.

पाच जणांचा प्रयोग लहानच, पण हृदयाच्या व्यायामाविषयी त्यातून जे उलगडत गेले ते पुढच्या अनेक अभ्यासांनी पक्के केले. हृदय थकते त्यात वयाचा वाटा असतोच. पण पडून आणि बसून राहण्याचाही मोठा वाटा असतो, आणि हा दुसरा वाटा बराचसा आपल्या हातात असतो.

ऑक्सिजनचा हिशेब

चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालवणे, जिने चढणे, दोरीवरच्या उड्या, नाचणे या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. शरीरातले मोठे स्नायू एका लयीत, बराच वेळ काम करतात आणि त्यासाठी लागणारी बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने साखर व चरबी जाळून मिळवतात. हाच एरोबिक व्यायाम. हे नाव जगभर रूढ केले ते अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी, १९६८ साली आलेल्या ‘एरोबिक्स’ या पुस्तकातून. बारा मिनिटांत माणूस किती अंतर धावतो यावरून त्याचा दम मोजण्याची त्यांची चाचणी आजही खेळाडूंसाठी आणि जवानांसाठी वापरली जाते.

या विचाराचा पाया मात्र त्याआधीचा. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल यांना स्नायूंवरच्या संशोधनासाठी १९२२ चे नोबेल मिळाले. हिल स्वतः धावपटू होते. पाठीवर हवेची पिशवी बांधून ते गवतावर गोल धावत आणि सोडलेल्या श्वासातून किती ऑक्सिजन वापरला गेला ते मोजत. वेग वाढवला की ऑक्सिजनचा वापर वाढतो, पण एका टप्प्यानंतर वेग वाढवूनही वापर वाढत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ती मर्यादा म्हणजे त्या माणसाची कमाल ऑक्सिजन क्षमता. डॅलसमध्ये मोजली ती हीच.

ही क्षमता कशावर ठरते, याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर ताज्या रक्तात साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपण शांत बसलेलो असताना शरीर त्यातला ५० मिलिलिटर काढून घेते आणि उरलेला तसाच हृदयाकडे परततो. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते, म्हणजे मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन खर्च होतो. आता हाच माणूस जीव तोडून धावू लागला, की हृदय मिनिटाला २० लिटर रक्त फेकते आणि स्नायू प्रत्येक लिटरमधून १५० मिलिलिटर ऑक्सिजन ओढून घेतात. खर्च होतो ३००० मिलिलिटर, बसलेल्या अवस्थेच्या बारा पट.

तेव्हा दम वाढवायचे मार्ग दोनच उरतात. हृदयाने जास्त रक्त पाठवावे, किंवा स्नायूंनी आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन उचलावा. फुप्फुसांना मात्र आपण उगाच दोष देतो. जिना चढताना धाप लागली, की ‘छाती कमजोर झाली’ असे वाटते. निरोगी माणसाची फुप्फुसे जोरदार व्यायामातही रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरून देतात आणि तरी त्यांची काही ताकद शिल्लक राहते. धाप वाढते ती मुख्यतः स्नायूंमध्ये तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल बाहेर टाकण्यासाठी मेंदू श्वास वेगाने घ्यायला लावतो म्हणून. दमाचा खरा कस हृदयात आणि पायांत लागतो.

हृदय काय शिकते

व्यायामाने हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वाढत नाही. ती वयाबरोबर हळूहळू उतरतच जाते, मग माणूस धावपटू असो वा नसो. वाढते ते प्रत्येक ठोक्याबरोबर फेकले जाणारे रक्त. बैठ्या माणसाचे हृदय विश्रांतीत एका ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त फेकते. नियमित धावणाऱ्याचे हृदय त्याच एका ठोक्यात शंभराच्या घरात जाते.

हा बदल टप्प्याटप्प्याने होतो. व्यायाम सुरू केल्यावर अगदी पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव भाग वाढतो. रक्त वाढले, की हृदयात परत येणारा प्रवाह वाढतो आणि कप्पा अधिक भरतो. महिन्यांमागून महिने असा भरणा होत राहिला, की हृदयाचा डावा खालचा कप्पा, जो सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, तो हळूहळू प्रशस्त आणि लवचीक होतो. डॅलसच्या पलंगावर नेमके उलटे घडले होते. द्रव घटला, भरणा घटला आणि ठोक्यामागचे रक्त घटले.

एका ठोक्यात जास्त रक्त गेले, की तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. सकाळची नाडी ७५ वरून ६० वर आली, तर दिवसाला २१,६०० ठोके वाचतात. यात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते, कारण आकुंचन पावताना तो आपल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. ठोके संथ झाले, की हा विसावा लांबतो आणि हृदयाला पोटभर रक्त मिळते. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या थोड्या अरुंद झाल्या आहेत, त्यांच्यासाठी तर हा विसावा फारच मोलाचा ठरतो.

स्नायूंतले काम

हृदयाने रक्त पाठवले, तरी ते वापरणारा स्नायू तयार हवा. धरण भरलेले आहे, कालवाही वाहतो आहे, पण शेतापर्यंत चाऱ्या खोदलेल्या नसतील तर पीक वाळणारच. स्नायूंतल्या या चाऱ्या म्हणजे केसाहूनही बारीक केशवाहिन्या. काम करणाऱ्या स्नायूत या केशवाहिन्या गरजेनुसार उघडतात, हे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रो यांनी दाखवले आणि त्यांना १९२० चे नोबेल मिळाले. नियमित एरोबिक व्यायामाने स्नायूच्या प्रत्येक तंतूभोवतीच्या केशवाहिन्यांची संख्या वाढते.

दुसरा बदल पेशींच्या आत होतो. पेशीतल्या मायटोकाँड्रिया या सूक्ष्म घटकांत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार होते. सेंट लुइसचे जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवले आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकाँड्रियाची ऑक्सिजन वापरण्याची ताकद सुमारे दुप्पट झाल्याचे दाखवले. माणसातही हेच घडते.

सहनशक्तीचे मर्म इथे आहे. मायटोकाँड्रिया भरपूर असले, की स्नायू त्याच वेगाला जास्त चरबी जाळतो आणि मर्यादित साठ्यातली साखर जपून वापरतो. आम्लही उशिरा साचते. म्हणून सराव असलेला माणूस तासभर चालून गप्पा मारत घरी येतो आणि सराव नसलेला दहा मिनिटांत थांबायला जागा शोधतो. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पार करून राष्ट्रीय विक्रम केला. अडथळे आणि पाण्याची उडी ओलांडत धावण्याच्या त्या आठ मिनिटांतलीही बहुतेक ऊर्जा ऑक्सिजननेच पुरवलेली असते. वर्षानुवर्षे रोज केलेल्या धावण्यातूनच अशा आठ मिनिटांची तयारी होते.

रक्तवाहिन्यांचाही यात लाभ असतो. रक्त वेगाने वाहू लागले, की वाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू पाझरतो आणि वाहिनी सैल होते. या वायूचे शरीरातले काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल मिळाले. रोज असे घडत राहिले, की अस्तर निरोगी राहते. उच्च रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा नियमित एरोबिक व्यायामाने सरासरीने ५ ते ८ ने उतरतो. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो आणि हा परिणाम व्यायाम संपल्यावरही काही काळ टिकतो. मधुमेह आणि हृदयविकार ज्या समाजात हातात हात घालून चालतात, तिथे ही साधी गोष्ट फार महत्त्वाची आहे.

बसचा ड्रायव्हर आणि बसचा कंडक्टर

हे सगळे शरीराच्या आतले झाले. यामुळे हृदयविकार खरोखर टळतो का, याचे पहिले मोठे उत्तर लंडनच्या दुमजली बसमध्ये मिळाले. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांची माहिती गोळा केली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमध्ये काम करत आणि त्यांची राहणीही साधारण सारखीच असे. फरक इतकाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे देत दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढे.

१९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, उशिरा होत होता आणि झालाच तर कमी घातक ठरत होता. टपाल खात्यातही तेच दिसले. सायकलवर आणि पायी टपाल वाटणाऱ्यांची हृदये टेबलाशी बसणाऱ्यांपेक्षा सुदृढ होती.

मॉरिस तिथे थांबले नाहीत. मुळातच लठ्ठ माणसे ड्रायव्हर होत असतील तर? त्यांनी गणवेशाच्या पँटच्या कमरेची मापे मिळवून तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या आणि थोडा फरक नोकरी लागतानाच होता, हे त्यांनी प्रामाणिकपणे मांडले. पण बारीक, मध्यम आणि जाड अशा प्रत्येक गटात वेगवेगळे पाहिले, तरी कंडक्टरच सुरक्षित होते. शरीराच्या आकारापलीकडे हालचालीचे स्वतंत्र मोल आहे, हे त्यातून पुढे आले. ‘वजन तर उतरत नाही, मग चालून काय उपयोग’ असे म्हणत चालणे सोडून देणाऱ्यांनी हा निष्कर्ष मनावर घ्यावा. वजनाचा काटा हलला नाही तरी हृदयाला लाभ होत असतो.

गेलेले परत येते का

पन्नाशीत पुन्हा आलेल्या त्या पाच जणांची तपासणी करून डॉक्टर थांबले नव्हते. त्यांना सहा महिने चालणे, हळू धावणे आणि सायकल चालवणे यांचा कार्यक्रम दिला. सुरुवात अगदी थोडक्यापासून होती आणि शेवटी आठवड्याला साधारण साडेचार तास व्यायाम होऊ लागला. सहा महिन्यांनी त्यांची क्षमता विशीतल्या मूळ आकड्यावर परत पोहोचली. तीस वर्षांची घसरण अर्ध्या वर्षात भरून निघाली.

त्यातला बारकावा महत्त्वाचा आहे. हृदयाची कमाल रक्त फेकण्याची ताकद या सहा महिन्यांत वाढली नव्हती. वाढली होती ती स्नायूंची ऑक्सिजन उचलण्याची ताकद. आणि विशीत व्यायाम करून गाठलेली ३.९ लिटरची उंची पाचांपैकी कुणालाही पुन्हा गाठता आली नाही. पुढे साठीत त्यांची तिसऱ्यांदा तपासणी झाली, तेव्हा चाळीस वर्षांची एकूण घट त्या तीन आठवड्यांच्या घटीइतकी भरली.

मग उतारवयातले हृदय शिकतच नाही का? डॅलसमध्येच बेंजामिन लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. बैठ्या आयुष्यात हृदयाचा स्नायू ताठर होत जातो, नीट सैल पडत नाही आणि म्हणून नीट भरत नाही. उतारवयातल्या एका प्रकारच्या हार्ट फेल्युअरची वाट इथूनच जाते. ४५ ते ६४ वयाच्या, बैठे काम करणाऱ्या पण निरोगी स्त्री-पुरुषांना त्यांनी दोन वर्षे व्यायाम करायला लावले. एका गटाने योगासने, तोल सांभाळण्याचे आणि वजनांचे व्यायाम केले. दुसऱ्या गटाने आठवड्यातून चार-पाच दिवस एरोबिक व्यायाम केला, त्यात काही दिवस जोरकस होते. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दुसऱ्या गटाची ऑक्सिजन क्षमता १८ टक्क्यांनी वाढली होती आणि हृदयाचा ताठरपणा पाव हिश्शाहून अधिक उतरला होता. पहिल्या गटात असा बदल दिसला नाही. योगासनांचे आपले लाभ आहेतच, पण धाप लावणाऱ्या व्यायामाची जागा ती घेत नाहीत.

याच चमूच्या आधीच्या एका अभ्यासात, पासष्टीनंतर पहिल्यांदा व्यायाम सुरू करणाऱ्यांचा दम वर्षभरात वाढला, पण हृदयाचा ताठरपणा फारसा उतरला नव्हता. म्हणून चाळिशी-पन्नाशीची वर्षे मोलाची आहेत. त्या वयात हृदय अजून वळवता येते. पासष्टीनंतर सुरू करणाऱ्यालाही पायांची ताकद, दम, रक्तदाब, साखर आणि झोप यांत लाभ मिळतोच, तेव्हा उशीर झाला म्हणून कुणी बसून राहू नये.

किती, कसे, केव्हा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेली शिफारस अशी आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस एरोबिक व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो वेग मध्यम. चार शब्द बोलताच थांबून श्वास घ्यावा लागतो, तो जोरकस. नाडीने मोजायचे तर २२० मधून वय वजा करावे. पन्नाशीच्या माणसाला १७० मिळतात, ही त्याच्या ठोक्यांची अंदाजे कमाल मर्यादा; त्यावरून त्याची मध्यम पातळी साधारण ११० ते १३०. हे सूत्र माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी चुकते आणि रक्तदाबाची काही औषधे ठोके मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून बोलण्याची कसोटीच अधिक भरवशाची.

ज्याने वर्षानुवर्षे काही केले नाही, त्याने सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटे भरभर चालावे आणि दर आठवड्याला काही मिनिटे वाढवावीत. दोन-तीन महिन्यांत चाळीस मिनिटे सहज जमतात. पाया पक्का झाला, की आठवड्याची मांडणी अशी करता येते: दोन-तीन दिवस मध्यम चालणे किंवा सायकल, एक दिवस तासाहून मोठी फेरी, टेकडी किंवा पोहणे, आणि एक दिवस जोराचा. जोराच्या दिवशी चार मिनिटे चांगली धाप लागेल असे चालावे किंवा धावावे, तीन मिनिटे संथ व्हावे आणि हे चारदा करावे. सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटे हळू हवीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याच वेगाला नाडी जास्त चढते, कारण हृदयाला त्वचा थंड ठेवण्यासाठीही रक्त पाठवावे लागते. अशा दिवसांत पहाटेची वेळ धरावी, वेग कमी ठेवावा आणि पाणी प्यावे.

‘दिवसभर घरात राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?’ असे अनेक बायका विचारतात. प्रश्न रास्त आहे. शेतातली खुरपणी, पाण्याच्या कळशा, जिने, झाडणे-पुसणे हे सगळे श्रम शरीराला लागू पडतातच. पण घरकामाचा बराचसा भाग थांबत-थांबत, उभ्याने, नाडी फारशी न वाढता होतो. हृदयाला शिकायला सलग काही मिनिटांची धाप लागते. शिवाय तो वेळ तिचा स्वतःचा असतो, आणि घराने तो तिला द्यायला हवा.

सातत्याचे महत्त्व वारीच्या उदाहरणाने कळेल. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर वारकरी साधारण अठरा-वीस दिवसांत अभंग गात चालतात. गाता येते म्हणजे वेग सौम्य असतो, पण रोज कित्येक तास तो चालू राहतो. शरीराला इतके चालवणारा व्यायाम आपल्या समाजात दुसरा नसेल. मात्र वर्षभर बसून एकदम दिंडीत उतरणाऱ्याचे पाय आणि छाती दोन्ही हाल भोगतात, आणि वारीहून परतून पुन्हा बसलेल्याचा कमावलेला दम काही आठवड्यांत ओसरू लागतो. जाण्याआधी दीड-दोन महिने रोजचे चालणे वाढवत न्यावे आणि आल्यावर ते सोडू नये.

सावधपणा

वय वाढलेले असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घराण्यात कमी वयात हृदयविकार असेल, तर जोराच्या व्यायामाआधी डॉक्टरांना भेटावे. साधे चालणे मात्र बहुतेकांना लगेच सुरू करता येते. चालताना छातीवर दाब, जबडा, खांदा वा हाताकडे जाणारी कळ, अचानक घेरी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा रोजच्याच अंतराला न झेपणारी धाप जाणवली, तर थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्त्रियांत आणि मधुमेहींत छातीत दुखण्याऐवजी नुसता थकवा, मळमळ किंवा धाप एवढेच दिसू शकते. ते अपचन समजून घरी बसू नये.

सराव नसलेल्या माणसाने एकदम जिवावर उदार होऊन धावणे धोक्याचे असते. त्या तासाभरात झटक्याची शक्यता खरोखर वाढते, आणि सरावाने हीच शक्यता झपाट्याने कमी होते. व्यायामाने तंबाखू माफ होत नाही, रक्तदाबाची गोळी आपण होऊन बंद करता येत नाही आणि तापात धावायचे नसते. झटका किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी देखरेखीखालचे हृदय पुनर्वसन कार्यक्रम असतात. त्यांत नाडी आणि रक्तदाब पाहत व्यायाम वाढवला जातो. घरातल्या रुग्णासाठी डॉक्टरांकडे त्याची चौकशी आग्रहाने करावी.

रस्ता कुणाचा

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतल्या रुग्णांवरच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. भारतातल्या प्रौढांपैकी निम्म्याच्या आसपास लोक पुरेशी हालचाल करत नाहीत आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त आहे. हा आळस एकट्या माणसाचा मानून चालणार नाही. पदपथ दुकानांनी आणि मोटारसायकलींनी अडवलेला असतो, तेव्हा पन्नाशीतली बाई चालायला जाणार कुठे? दहावीच्या वर्षी खेळाचा तास गणिताला दिला जातो, तेव्हा मुलाचे हृदय घडण्याची वर्षे वाया जातात. शाळेची मैदाने सुटीच्या दिवशी कुलूपबंद असतात आणि कार्यालयांचे जिने अंधारे आणि अडगळीने भरलेले असतात.

औषधाच्या दुकानांना आणि हृदयरोग विभागांना आपण जेवढी जागा देतो, तेवढीच चालायलाही दिली पाहिजे. वॉर्डातल्या नगरसेवकाकडे मोकळा, उजेड असलेला पदपथ मागणे, शाळेच्या पालकसभेत खेळाच्या तासाचा हट्ट धरणे आणि सोसायटीचा जिना स्वच्छ ठेवणे ही हृदयविकाराविरुद्धची कामेच आहेत. आणि ती होईपर्यंत वाट पाहत कुणी बसू नये. आज संध्याकाळी जेवढा रस्ता मोकळा मिळेल तेवढ्यावर पंधरा मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालावे, आणि घरातल्या ज्या माणसाला आपण मायेने बसवून ठेवले आहे, त्याच्या डॉक्टरांना विचारून त्यालाही बरोबर न्यावे.